कोरियन शिकताना: अक्षरांच्या चौकटीपासून काकडीच्या ओइ-मुछिमपर्यंत

कोरियन शिकायला बसलेला मराठी माणूस बहुतेक वेळा इंग्रजीच्या दारातून आत शिरतो. पुस्तक इंग्रजी, व्हिडिओ इंग्रजी, उच्चारही रोमन लिपीत लिहिलेले. मग इंग्रजी बोलणाऱ्यांना जे जड जातं ते आपल्यालाही जडच जाणार, असं तो धरून चालतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेने कोरियनला सर्वांत कठीण गटात ठेवलं आहे आणि तिच्यासाठी सुमारे २,२०० तासांचे वर्ग लागतात असं म्हटलं आहे. हा आकडा ऐकून पुष्कळ जण सुरुवातच करत नाहीत. पण तो हिशेब मातृभाषा इंग्रजी असलेल्यांचा आहे. वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद, शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय, 'करून बघ', 'खाऊन टाक' अशी जोडक्रियापदं, मोठ्यांशी बोलताना बदलणारी भाषा, हे सगळं आपल्या तोंडात आधीपासून आहे. म्हणून मराठीवरून थेट कोरियनवर जा, मधे इंग्रजीचा थांबा घेऊ नका.

वेळ रोज ३० ते ४० मिनिटं पुरे, मात्र एका बैठकीत नको. सकाळी दहा मिनिटं अक्षरं किंवा शब्द, प्रवासात दहा मिनिटं ऐकणं, रात्री पंधरा मिनिटं मोठ्याने बोलणं. आठवडाभर काही न करता रविवारी सलग चार तास बसलात, तर पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्या पानावर याल.

पहिली पायरी: एका आठवड्यात लिपी

हांगुल लिपी राजा सेजोङच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते. मूळ व्यंजनं १४, मूळ स्वर १०. जोडअक्षरं धरून एकूण ४०. ती घोकायची गरज नाही, कारण व्यंजनांचे आकार उच्चार करताना तोंडात जे घडतं त्यावरून घेतलेले आहेत. 'क'चं अक्षर म्हणजे काटकोन: जिभेचा मागचा भाग वर उचललेला. 'न'साठी तोच काटकोन उलटा: जिभेचं टोक वर टेकलेलं. 'म' म्हणजे चौकोन, मिटलेलं तोंड. 'स' दातावरून, आणि घशासाठी वर्तुळ. 'क'च्या काटकोनात एक आडवी रेघ वाढवली की 'ख' होतो. काटकोन दोनदा लिहिला की घट्ट आवळलेला 'क्क'. क-ख हे एकाच वर्गाचे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. इथे ते नातं डोळ्यांना दिसतं.

गणिताची चौकटींची वही घ्या, कारण प्रत्येक कोरियन अक्षर एका चौकटीत बसतं. उभ्या रेघेचे स्वर व्यंजनाच्या उजवीकडे येतात, आडव्या रेघेचे खाली, आणि शेवटी थांबणारं व्यंजन चौकटीच्या तळाशी. पहिले दोन दिवस दहा स्वर, आधी मुकं वर्तुळ लावून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दहा साधी व्यंजनं. पाचव्या दिवशी श्वासाची ('ख'सारखी) चार आणि दुहेरी ('क्क'सारखी) पाच. सहाव्या दिवशी अकरा जोडस्वर. त्यातले 'ए'सारखे ऐकू येणारे दोन स्वर आजच्या बोलण्यात एकसारखेच झाले आहेत, तेव्हा त्यांच्यातला फरक कानाने शोधत बसू नका, तो फक्त लिहिताना पाळा. सातवा दिवस तळाच्या व्यंजनांचा.

सराव म्हणून आपल्या गावांची, स्थानकांची, घरच्यांची नावं हांगुलमध्ये लिहा. कुठे काय अडतं ते लगेच कळतं. पुण्याचं 'फुने' होतं, कारण परकी नावं लिहिताना आपला 'प' श्वासाच्या अक्षराने लिहायचा प्रघात आहे. ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांत कोरियन फरक करत नाही.

याच आठवड्यात मोबाइलवर कोरियन कीबोर्ड बसवा. नेहमीच्या मांडणीत व्यंजनं डावीकडे आणि स्वर उजवीकडे असतात, त्यामुळे दोन्ही अंगठे आलटून पालटून चालतात आणि वेग पटकन येतो. रोमन उच्चारांची पुस्तकं मात्र लांब ठेवा. या लेखातली देवनागरीही पहिल्या आठवड्याचीच कुबडी आहे. इथे 'ऑ' लिहिलाय तो स्वर प्रत्यक्षात ओठ फार गोल न करता, 'अ'कडे झुकवून म्हणायचा असतो; आणि काही ठिकाणचा 'उ' हा ओठ हसल्यासारखे ताणून काढलेला वेगळाच स्वर आहे. तो देवनागरीत लिहायची सोय नाही.

दुसरी पायरी: कान तयार करणं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. कोरियनमध्ये एकाच जागेवरून तीन आवाज निघतात: साधा, श्वासाचा आणि आवळलेला. 'ताल' म्हणजे चंद्र, 'थाल' म्हणजे मुखवटा, 'त्ताल' म्हणजे मुलगी. तसंच 'पुल' आग, 'फुल' गवत, 'प्पुल' शिंग. इथला 'फ' दोन्ही ओठ मिटून सोडलेला, इंग्रजीतल्यासारखा दातांवर ओठ घासून काढलेला नाही.

श्वासाचा आवाज आपल्याला फुकट मिळतो, तो आपला ख, थ, फ. आवळलेला आवाजही फार लांब नाही: आपला नेहमीचा श्वास न सोडता म्हटलेला 'त' किंवा 'क' त्याच्या जवळ पोचतो, फक्त घसा थोडा आवळायचा. घोटाळा होतो तो 'साध्या'त. आपण 'ताल' आपल्या 'त'ने म्हणतो आणि समोरच्याला 'मुलगी' ऐकू येतं. साधा आवाज शब्दाच्या सुरुवातीला किंचित श्वास सोडत आणि खालच्या सुरात म्हणायचा. श्वासाचे आणि आवळलेले आवाज वरच्या सुरात सुरू होतात. सोलच्या तरुण पिढीच्या बोलण्यात हा सुराचा फरकच मुख्य खूण झाली आहे. तोच साधा आवाज दोन स्वरांच्या मधे आला की ग, द, ब, ज असा मऊ होतो.

तपासायला दोन साधनं पुरतात. कागदाच्या रुमालाची पातळ पट्टी तोंडासमोर धरा: 'त्ताल'ला ती हलता कामा नये, 'ताल'ला जराशी हलावी, 'थाल'ला नीट उडावी. दुसरं, मोबाइलचं बोलून टंकन कोरियनवर ठेवा आणि ते शब्द छोट्या वाक्यात बोला. फोनने चंद्राऐवजी मुलगी लिहिली, तर कुठे चुकलं ते लगेच समजतं. सुटा शब्द बोलू नका, संदर्भ नसला की फोनही गोंधळतो.

'च' आणि 'ज' नेहमी 'चार' आणि 'जीभ'मधले. 'चमचा'तला च आणि 'जाड'मधला ज कोरियनमध्ये नको. ही चूक इंग्रजी बोलणारे सहसा करत नाहीत, म्हणून इंग्रजी पुस्तकात तिच्याबद्दल सूचना बहुधा सापडणार नाही.

शेवटचं व्यंजन गिळायचं. भाताला 'पाप्' म्हणताना ओठ मिटले की मिटलेलेच राहतात. आपण सवयीने ते उघडतो आणि ऐकणाऱ्याला 'पापु' वाटतं. लिहायला तळाशी कितीही व्यंजनं आली, तरी उच्चारात तिथे सातच आवाज उरतात: क्, न्, त्, ल्, म्, प् आणि ङ्.

आणि आता शाळेतला संधी आठवा. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. कोरियनमध्ये हाच नियम जसाच्या तसा चालतो. 'कुक्' आणि 'मुल' मिळून रश्श्याला 'कुङ्मुल' म्हणतात. 'काम्साहाप्निदा' लिहितात आणि 'काम्साहाम्निदा' बोलतात. फरक इतकाच, की आपण संधी झाल्यावर लिहिणंही बदलतो, कोरियन लिहिणं तसंच ठेवते. ज्याला वाङ्मय कळलं त्याला हे प्रकरण अर्ध्या तासात कळतं. इंग्रजी पुस्तकं त्यासाठी चार पानांचे तक्ते देतात.

तिसरी पायरी: मराठी साच्यात वाक्यं

'हे बोसेयो' म्हणजे 'करून बघा', आणि त्यातलं 'बोदा' हे खरोखरच 'बघणे'. 'हे जुसेयो' म्हणजे 'करून द्या', त्यात 'जुदा' म्हणजे 'देणे'. 'मॉगॉ बॉरिदा' म्हणजे 'खाऊन टाकणे', आणि 'बॉरिदा'चा सुटा अर्थ 'टाकून देणे'. ही रचना शब्दाला शब्द लावून मराठीत बसते. तसंच 'मी काल वाचलेलं पुस्तक' यातलं 'काल वाचलेलं पुस्तक' कोरियनमध्ये 'ऑजे इल्गुन छेक्': ऑजे काल, इल्गुन वाचलेलं, छेक् पुस्तक. 'जे पुस्तक वाचलं ते' अशी रचना तिथे नाही, म्हणून मनात वाक्य जुळवताना 'वाचलेलं, केलेलं, येणारा' हाच घाट वापरा.

लिंग नाही, क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही. 'गेलो, गेली, गेले, गेलात' या सगळ्यांना मिळून एकच 'कास्सॉयो'.

दमवतात ते कर्त्याला लागणारे दोन प्रत्यय. सुरुवातीला एवढं पाळा: 'कोण?' किंवा 'काय?' या प्रश्नाचं उत्तर असेल तर 'इ' किंवा 'गा'. 'माझं म्हणाल तर', 'मी तर' असा सूर असेल तर 'उन' किंवा 'नुन'. शब्द व्यंजनात संपला तर इ आणि उन, स्वरात संपला तर गा आणि नुन. बाकीच्या छटा ऐकून येतात, नियम पाठ करून नाही.

आदराच्या बाबतीत आपण 'तू, तुम्ही, आपण' एवढ्यावर भागवतो. कोरियनमध्ये सर्वनाम टाळायचं आणि क्रियापदाचा शेवट बदलायचा. नवशिक्याने सरसकट 'यो'ने संपणारं रूप वापरावं. दुकानात, शेजाऱ्यांशी, सहकाऱ्यांशी ते चालतं. सभा, मुलाखत, निवेदन अशा ठिकाणी 'म्निदा'ने संपणारं. ज्याला 'पान्माल' म्हणतात ते बिनआदराचं बोलणं फक्त जवळच्या मित्रांशी आणि लहानांशी. 'तुम्ही'साठी शब्दकोशात 'तांगशिन' सापडेल, पण समोरच्याला तो शब्द वापरू नका. अनोळखी माणसाच्या तोंडी तो भांडणाचा वाटतो. नावापुढे 'श्शी' लावा, पण वरिष्ठाला तेही चालत नाही. तिथे हुद्दा आणि 'निम': शिक्षकांना 'सॉन्सेङनिम'. नुसत्या आडनावाला 'श्शी' लावणं कमीपणाचं समजतात.

नात्यांचे शब्द बोलणाऱ्यावर ठरतात. मोठ्या बहिणीला मुलगी 'ऑन्नी' म्हणते, मुलगा 'नुना'. मोठ्या भावाला मुलगी 'ओप्पा', मुलगा 'ह्यॉङ'. खाणावळीतल्या बाईंना कोरियात पुष्कळदा 'इमो' म्हणून हाक मारतात, म्हणजे मावशी. मेसच्या मावशींना हाक मारणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

शब्दसंग्रहासाठी एक युक्ती. कोरियनमधला खूप मोठा भाग चिनी मुळांचा आहे, जसा आपला संस्कृतातून आलेला. 'हाक्' म्हणजे शिकणं हे एक मूळ धरलं की 'हाक्क्यो' शाळा, 'हाक्सेङ' विद्यार्थी, 'तेहाक्' विद्यापीठ, 'क्वाहाक्' विज्ञान, 'पाङहाक्' शाळेची सुट्टी हे सगळे एका ओळीत येतात. सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा आठवड्याला अशी दोन मुळं घ्या.

चौथी पायरी: आकडे

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण आकड्यांच्या दोन माळा आहेत. वस्तू, माणसं, वय आणि तास देशी आकड्यांत: हाना, तुल, सेत्, नेत्. पैसे, तारीख, मिनिटं, मजला, बसचा आणि फोनचा क्रमांक चिनी मुळाच्या आकड्यांत: इल, ई, साम, सा. म्हणून साडेतीन म्हणजे 'से-शी साम्शिप्-पुन': तास एका माळेतला, मिनिटं दुसऱ्या. मोजण्याच्या शब्दाआधी देशी आकडे आखूड होतात: हाना-हान, तुल-तु, सेत्-से, नेत्-ने. सराव चालता चालता होतो: जिने चढताना पायऱ्या देशी आकड्यांत मोजा, समोरून गेलेल्या बसचा क्रमांक दुसऱ्या माळेत वाचा.

मोठ्या रकमेला कोरियन माणूस दहा हजारांच्या गठ्ठ्यात मोजतो, त्या गठ्ठ्याला 'मान' म्हणतात. एक लाख म्हणजे दहा मान, 'शिम्मान'. (लिहिताना 'शिप्मान'; पुन्हा तोच संधी.) एक कोटी म्हणजे हजार मान, 'छॉन्मान'. दहा कोटींना 'ऑक्'. लाख-कोटीची सवय असल्यामुळे आपल्याला एका शून्याचाच फेरफार करावा लागतो.

पाचवी पायरी: स्वयंपाकघर

डब्यांवर हांगुलच्या चिठ्ठ्या लावा: सोगुम मीठ, सॉल्थाङ साखर, मानुल लसूण. मग आठवड्यातून एकदा कोरियन भाषेतला पाककृतीचा व्हिडिओ लावून एक पदार्थ करा. सुरुवातीला 'ओइ-मुछिम', काकडीची तिखट कोशिंबीर म्हणा हवं तर. दोन मध्यम काकड्या, साधारण ३०० ग्रॅम, अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या करून एक छोटा चमचा मीठ चोळून १५ मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी घट्ट पिळून काढा. हे पिळणं टाळलं तर दहा मिनिटांत ताटलीत पाणी सुटतं आणि मसाला धुऊन जातो. मग एक मोठा चमचा 'गोछुक्कारु' ही कोरियन मिरचीची भरड, दोन छोटे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर, आणि साखर, ठेचलेला लसूण, तिळाचं तेल, भाजलेले तीळ प्रत्येकी एक छोटा चमचा. कांद्याची पात असली तर घाला. हाताने हलकेच कालवा. 'मुछिदा' म्हणजे कालवणे, त्यावरूनच पदार्थाचं नाव.

गोछुक्कारु नसेल तर ब्याडगी मिरचीच्या बिया काढून जाडसर भरड करा. घरचं बारीक तिखट घातलंत तर त्याचा लगदा होतो आणि जाळही जास्त येतो. तेलाचंही तसंच: कोरियन तेल भाजलेल्या तिळांचं असतं, आपल्या घाण्यावरचं बहुधा कच्च्या तिळांचं, त्याला तो खरपूस वास नाही. तेच वापरायचं असेल तर आणखी एक चमचा तीळ भाजून कुटून घाला.

हात चालू असताना तोंडही चालू ठेवा: स्सॉरॉयो चिरते, नॉऑयो घालते, मुछॉयो कालवते. व्हिडिओत 'नॉऑ जुसेयो' ऐकू येईल, म्हणजे 'घाला'. 'खुन्सुल' म्हणजे मोठा चमचा, १५ मिलिलिटर. 'चागुन्सुल' छोटा, ५ मिलिलिटर. चार-पाच पदार्थ केल्यावर हे शब्द विसरू म्हणता विसरत नाहीत, कारण ते हातांनी शिकलेले असतात.

जेवणाआधी 'चाल मॉक्केस्सुम्निदा', जेवल्यावर 'चाल मॉगॉस्सुम्निदा'. भात आणि रस्सा चमच्याने, बाकीचं काड्यांनी. भाताचा वाडगा उचलून तोंडाला लावत नाहीत. काड्या भातात उभ्या खोवू नका, ती मृतांना वाहिलेल्या नैवेद्याची खूण आहे. मोठ्यांनी घास घेतल्यावर आपण सुरुवात करायची. काहीही देता-घेताना दोन्ही हात.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवावं. 'कोगी प्पे जुसेयो', मांस काढून द्या, एवढ्याने भागत नाही, कारण 'कोगी'त मासे धरले जातीलच असं नाही. रश्श्यात सुक्या 'म्यॉल्छी' मासळीचा अर्क आणि किमचीत खारवलेल्या मासळीचा 'चॉत्काल' सर्रास असतो. त्यांची नावं घेऊनच विचारा. बौद्ध मठांच्या परंपरेतलं 'साछाल उम्शिक्' हे जेवण मांस-मासळीशिवाय आणि कांदा-लसणाशिवायही असतं.

छुसॉक हा आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा सण. २०२५ मध्ये तो आणि कोजागरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आले. त्यासाठी 'सोङ्प्यॉन' करतात: तांदळाच्या पिठीच्या पारीत तीळ-साखर भरून, अर्धचंद्राचा आकार देऊन, पाइनच्या पानांवर उकडलेलं. मोदक वळता येणाऱ्या हातांना ते पहिल्याच दिवशी जमतं.

सहावी पायरी: मालिका आणि गाणी

मालिका नुसती बघून भाषा येत नाही. त्यातला ६० ते ९० सेकंदांचा एकच संवाद निवडा, दोघांचा, घरातला किंवा दुकानातला. पहिल्यांदा ओळखीच्या भाषेतल्या उपशीर्षकांसह. दुसऱ्यांदा कोरियन उपशीर्षकं लावून, वेग ०.७५ वर. तिसऱ्यांदा थांबवत थांबवत, ऐकलेलं वहीत उतरवून. मग बोलणाऱ्याच्या अर्धा श्वास मागे राहून त्याच्याबरोबर बोला, सूर आणि थांबे यांसकट. शेवटी स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ऐका. एक संवाद तीन दिवस पुरवा. ऐतिहासिक मालिका मात्र नंतर. त्यातली दरबारी भाषा आज कोणी बोलत नाही.

सापळा असा, की मालिकेत कानावर पडणारी बरीच वाक्यं पान्मालची असतात. 'आरास्सॉ' म्हणजे 'कळलं', पण ते मित्राला. तेच साहेबांना म्हणायचं तर 'आल्गेस्सुम्निदा'. वहीत प्रत्येक वाक्यापुढे कोण कोणाला म्हणालं ते लिहा आणि लगेच त्याचं 'यो'चं रूप करून ठेवा. रांजणगावला आणि एकूणच पुण्याच्या आसपास कोरियन कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी ही सवय व्याकरणाच्या पुस्तकाहून जास्त कामाची आहे.

गाण्यांनी उच्चार सुधारतात, व्याकरण सुधारत नाही. चालीसाठी प्रत्यय गाळलेले असतात. पाठ करा, गा, पण त्यावरून वाक्यं जुळवू नका. चित्रकथा वाचायला सोप्या आणि संवादांनी भरलेल्या असतात. संदेशांत एका 'ख'च्या अक्षराची रांग दिसली तर समोरचा हसतोय.

सातवी पायरी: मोजमाप

तीन-चार महिन्यांनी तोपिक या कोरियन भाषेच्या सरकारी परीक्षेचा जुना पेपर सोडवा. पहिल्या भागात श्रवण ३० प्रश्न ४० मिनिटांत, वाचन ४० प्रश्न ६० मिनिटांत, एकूण २०० गुण. ८० ला पहिली पातळी, १४० ला दुसरी. दुसऱ्या भागात लेखनही येतं, एकूण ३०० गुण, १२० पासून तिसरी पातळी आणि २३० ला सहावी. पहिल्या पातळीला साधारण ८०० शब्द लागतात. श्रवणात गुण कमी पडत असतील तर नवे शब्द थांबवून दुसऱ्या पायरीवर परत या. निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात, त्यामुळे नोकरी किंवा प्रवेशासाठी हवा असेल तर अर्ज करण्याच्या वर्षीच परीक्षा द्या. नुसत्या सरावासाठी घरी घड्याळ लावून सोडवलेला पेपर पुरतो.